साठ माणसं आणि पन्हाळ्याची एक रात्र

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भागाच्या इतिहासावर पोवाडा म्हटला की पावनखिंड आलीच. शिवा काशीद, बाजीप्रभू, 1660 चा आषाढ. नेसरीला 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर पडले, त्यावरची कुसुमाग्रजांची कविता तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईकांसारखे शाहीर देणाऱ्या या कोल्हापुरात आणखी एक रात्र पुन्हापुन्हा गाजायला हवी. ती रात्रही पन्हाळ्याचीच, 6 मार्च 1673 ची.

सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर पन्हाळा आदिलशाहीकडे गेला, तो बारा-तेरा वर्षं परत आला नव्हता. महाराजांनी रायगडावर कोंडाजी फर्जंदाला बोलावलं. गड घ्यायला माणसं किती लागतील? कोंडाजी म्हणाला, साठ. लक्षात ठेवा, साठ! महाराजांनी त्याच्या हातात सोन्याचं कडं घातलं. मग अण्णाजी दत्तो आणि कोंडाजी राजापूरमार्गे पन्हाळ्याकडे आले. अण्णाजी मोठी फौज घेऊन गडाजवळच्या रानात दबा धरून राहिले आणि कोंडाजी आपली साठ माणसं घेऊन कड्याला भिडला. फाल्गुन वद्य त्रयोदशी, म्हणजे चंद्र पहाटेपर्यंत उगवायचा नाही. वर पोचल्यावर त्यांनी काय केलं? चारी बाजूंनी कर्णे फुंकले. झोपेतून उठलेल्या शिबंदीला वाटलं, अख्खी फौजच गडात शिरली. साठ माणसं, पण आवाज हजारांचा! किल्लेदार तलवार घेऊन धावला, तो कोंडाजीच्या हातून पडला. उरलेल्यांची पळापळ झाली आणि गड स्वराज्यात आला.

ही हकिगत जयराम पिंड्ये या कवीनं त्याच काळात संस्कृतात काव्य करून लिहिली. नाव ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’. पर्णाल म्हणजे आपला पन्हाळा. शाहिराला यापेक्षा तयार माल कुठं मिळणार?

गडावर झुणका-भाकरी खाऊन तीन दरवाजाला फोटो काढायचा आणि परत फिरायचं, ही सवय मोडली पाहिजे. तटावरून एकदा खाली वाकून बघा, तो कडा अंधारात चढायचा म्हणजे काय ते कळेल.

आता यावर पोवाडा बांधायचा कसा? गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशस्तवन, आणि मुजरा, म्हणजे वंदन, आटोपशीर ठेवा. रायगडचा दरबार एका चौकात, म्हणजे पोवाड्याच्या एका भागात, राजापूरची वाट दोन ओळींत. कड्याला मात्र पूर्ण चौक द्या, आणि तिथं डफ बंद. नुसतं तुणतुणं, आणि शाहिराचा आवाज खालच्या पट्टीत:

फाल्गुनी वद्य तेरस,
चांदणं नाही गडास,
साठांचा एकच श्वास,
मावळा भिडला कड्यास, जी जी जी.

हा ‘जी’ झीलकऱ्यांनी, म्हणजे मागं सूर धरणाऱ्या साथीदारांनी, दबक्या आवाजात धरायचा. मग कर्णे फुंकले म्हणताच डफ, झांज, झीलकरी सगळे एकदम उठले पाहिजेत, आणि तिथून कटाव, म्हणजे भराभर म्हणायच्या ओळी, चढत्या लयीत. बहुतेक पोवाडे इथंच फसतात. शाहीर गणापासूनच वरच्या पट्टीत ओरडतो, मग लढाईच्या वेळी वर जायला आवाजच शिल्लक राहत नाही. पुन्हा सांगतो, पट्टी खालून सुरू करा.

दुसरी चूक पावसाची. 1660 च्या सुटकेला आषाढाचा पाऊस, चिखल, ढगाआडचं चांदणं. 1673 ला कोरडा फाल्गुन आणि मिट्ट काळोख. गड एकच म्हणून दोन्ही रात्री एक करू नका. कोंडाजीच्या चौकात ‘पाऊस कोसळला’ असं आलं, की जाणता श्रोता तिथंच तुटतो. सनावळ्याही सगळ्या गाण्यात कोंबू नका, त्या दोन चौकांमधल्या गद्यात सांगा. गाण्यात तिथी पुरे. ती यमकातही बसते आणि अंधार किती होता तेही सांगते.

डफाचं चामडं शेळीचं, ओल धरलं की सैल पडतं आणि थाप बद्द वाजते. आमच्याकडं पावसाळ्यात हा त्रास हमखास. कार्यक्रमाआधी निखाऱ्यावर वीतभर उंच धरून फिरवत शेका, एका जागी धरलं तर तडकतं. निखारे नसले तर हॅलोजनच्या दिव्यासमोर शेकलं तरी चालतं. मध्ये लांब गद्य असेल तर तेवढ्यात डफ पुन्हा शेकून घ्या, कारण कर्ण्यांच्या चौकात पहिली थाप खणखणीतच पडली पाहिजे.

शेवटच्या चौकात शाहिराचं नाव गुंफायची रीत आहे. आधी वस्तादाचं नाव, मग आपलं. पण ते किल्लेदार पडल्यानंतर आणि अण्णाजींची फौज गडात आल्यानंतरच. त्याआधी नाव घातलं, तर लोक टाळ्या वाजवून उठतात आणि फौज रानातच राहते!