पीएलए पॅटर्नवरचा सिरॅमिक थर तडकतोय? ‘वाळवणं’ परत एकदा बघू की!

नमस्कार मंडळी! इथं बेळगावच्या उद्यमबागात पाऊस नुसता कोसळालाय आणि कमेंटमध्ये तुमचा एकच धोशा : ‘दादा, थ्रीडी प्रिंटवर सिरॅमिक बसतंय, पण तडकतंय.’

बेसिक पटापट. धातूची वस्तू ओतायची, तर आधी तिचा हुबेहूब नमुना, म्हणजे पॅटर्न, आणि त्याच्यावर सिरॅमिकचा साचा. हा पॅटर्न मेणाऐवजी पीएलएचा, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकचा, आतून विरळ जाळीचा. प्रिंटच्या रेघा घासा, तेलकटपणा पुसा. कोलॉइडल सिलिका (पाण्यात सिलिकाचे अतिबारीक कण, हाच डिंक) आणि झिरकॉन या खनिजाच्या पावडरच्या स्लरीत, म्हणजे पातळ लगद्यात, बुडवा, वर बारीक वाळू, वाळवा, परत बुडवा. असे सहा-सात थर. मग भट्टीत प्लास्टिक जाळा, धातू ओता. (गाडीला मारायचं सिरॅमिक कोटिंग चालेल का, असं विचारणाऱ्यांनो, नाही ओ! ते वेगळं प्रकरण.)

सगळे मार खातात ते ‘वाळवा’ या शब्दात.

बोटाला चिकटलं नाही म्हणजे वाळलं, असं नसतंय. खाचा, भोकं, आतले कोपरे ओलेच राहतात. म्हणून पॅटर्न वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं.

एका भावानं लिहिलंय, पावसात वाळेना म्हणून हीट गन मारली. अरे बाबा, पीएलए ६० डिग्रीच्या आसपासच नरम पडतंय! त्याआधी ते फुगतंय, आणि सिरॅमिकला तेवढं फुगता येत नाही. मग चीर पडणार नाही तर काय?

‘बरं, मग जोरात पंखा लावतो.’ थांबा! माठातलं पाणी का गार होतंय? पाणी उडताना उष्णता नेतंय. तसाच पॅटर्न गार होऊन आकसतो, आणि थर त्या आकसलेल्या मापावर घट्ट बसतो. पाणी संपलं की पॅटर्न खोलीच्या तापमानाला येऊन परत फुगतो, आणि केसाएवढी चीर पडते. दिसतही नाही. पहिल्या थराला थेट वारा नकोच. खोलीचं तापमान सारखं ठेवा, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं मशीन) लावा.

गेल्या जुलैत मीच घाई केली. पंपाच्या इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यांच्या चाकावर) धातूचे पातळ पापुद्रे उठले, कारण धातू चिरेत शिरला होता. फाउंड्रीतले काका एवढंच म्हणाले, ‘काय रे, ह्याला पंख फुटले की!’ अख्खा दिवस ग्राइंडर धरून बसलो.

निपाणीच्या ताई, तुमचा एबीएसचा (प्रिंटरचं दुसरं प्लास्टिक) प्रश्न पुढच्या वेळी. हा बघा, काट्यावरचा माझा पॅटर्न. मघापासून दोन ग्रॅम उतरलाय आणि अजून उतरालाय. म्हणजे पुढचा थर आज नाही.