दोन नावांचे शहर आणि हौशी लवाद

पडद्यावर सरकत असलेली ही यादी म्हणजे इंग्रजी विकिपीडियावरील एका लेखाचा इतिहास आहे. प्रत्येक ओळीत बदलाची वेळ, सदस्यनाव आणि एखादा त्रोटक शेरा दिसतो. लेख आहे बाल्टिक समुद्राकाठच्या एका बंदराविषयी. एक सदस्य ‘ग्दान्स्क’ हे पोलिश नाव लिहितो, दुसरा ते खोडून ‘डान्झिग’ हे जर्मन नाव घालतो आणि तिसरा पुन्हा पहिले नाव आणतो. हे सगळे विनामोबदला, हौसेने लिहिणारे लोक आहेत; शहराविषयी दोन्ही बाजूंना आस्था आहे आणि म्हणूनच माघार कोणी घेत नाही.

२००५ मध्ये हा वाद मतदानाला टाकण्यात आला. ‘खरे नाव कोणते’ एवढाच प्रश्न ठेवला असता, तर घोंगडे भिजतच पडले असते. त्याऐवजी शहराच्या इतिहासाचे कालखंड पाडून प्रत्येकावर स्वतंत्र मत घेण्यात आले. त्यानुसार १३०८ पूर्वीच्या काळासाठी ग्दान्स्क, १३०८ ते १९४५ या काळासाठी डान्झिग आणि त्यानंतर पुन्हा ग्दान्स्क असे ठरले. शिवाय पोलंड आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या इतिहासाशी जोडलेल्या गावाचा प्रथम उल्लेख करताना दुसरे नावही द्यावे, असा नियम झाला. यात कोणाचाही पुरता विजय नाही, पण नव्याने भांडायला येणाऱ्यासमोर ठेवता येईल असा लेखी निर्णय आहे, आणि आमच्या मते त्याचे मोल विजयापेक्षा जास्त आहे.

मात्र चर्चेला बसण्यापूर्वी हात आवरावे लागतात. त्यासाठी २००४ पासून एक नियम आहे: एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांचे बदल उलटवणाऱ्या सदस्याला प्रचालक, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार दिलेले सदस्य, काही काळ संपादनापासून रोखू शकतात. आपली बाजू बरोबर होती, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही.

आणि तक्रार प्रचालकाविरुद्धच असेल तर? आता दिसत असलेले पान लवाद मंडळाचे आहे. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी डिसेंबर २००३ मध्ये त्याची घोषणा केली. पुढे सदस्यांच्या गुप्त मतदानातून लवाद निवडले जाऊ लागले. मजकूर कोणाचा खरा, हे मंडळ ठरवत नाही. ते केवळ वागणूक तपासते. दोन्ही बाजू पुरावे मांडतात, निर्णयाचा मसुदा कलमाकलमाने पुढे येतो आणि प्रत्येक कलमाखाली लवाद आपल्या सदस्यनावानिशी अनुकूल किंवा प्रतिकूल मत नोंदवतात. खासगी माहितीचा भाग वगळता हे कोणालाही वाचता येते. मंडळ प्रचालकाचे अधिकारही काढून घेऊ शकते.

जुन्या वैरासाठी एक उपाय विशेष उपयोगी आहे. दोघांनी एकमेकांना उत्तर द्यायचे नाही, एकमेकांचा उल्लेख करायचा नाही आणि एकमेकांचे बदल उलटवायचे नाहीत. लेखन मात्र दोघांनीही चालू ठेवायचे. हकालपट्टीपेक्षा हा मार्ग आम्हाला कितीतरी समंजस वाटतो, कारण भांडणापायी दोन जाणकार माणसे गमवावी लागत नाहीत.

तरीही काही जण कंटाळून निघून जातात. जे राहतात, त्यांना बंधन शिथिल करण्यासाठी अपील करता येते.