दुर्बीण, शीथ आणि मूत्रपिंडातला दाब

मूतखडा काढण्यासाठी लवचीक दुर्बीण लघवीच्या नैसर्गिक मार्गाने मूत्रपिंडापर्यंत नेली जाते आणि लेझरने खड्याचा भुगा केला जातो. अंगावर कुठेही छेद नसल्यामुळे ही शस्त्रक्रिया रुग्णाला सौम्य वाटते आणि बहुतेक वेळा ती तशी असतेही. मात्र आतले स्पष्ट दिसावे, भुगा वाहून जावा आणि लेझरची उष्णता साठू नये, यासाठी सलाईन सतत आत सोडावे लागते. जेवढे आत गेले तेवढे बाहेर पडले नाही, तर मूत्रपिंडातला दाब चढू लागतो.

एरवी हा दाब साधारणपणे १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. तो ३० ते ४०च्या पुढे गेला, की सलाईन आणि त्यासोबत खड्यातले जंतू व त्यांची विषद्रव्ये मूत्रपिंडाच्या शिरांत आणि लसिकावाहिन्यांत उलटी शिरू लागतात. शस्त्रक्रियेनंतर भरणारी हुडहुडी, चढणारा ताप आणि क्वचित जिवावर बेतणारा सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने साऱ्या शरीरात उसळणारी प्रतिक्रिया, यांमागे हा दाब असू शकतो. काळजीची बाब अशी, की पडद्यावर त्याची खूण उमटत नाही; उलट दाबाने मूत्रपिंडाची आतली पोकळी फुगते, बारीक रक्तस्राव थांबतो आणि चित्र अधिकच स्वच्छ दिसते.

सलाईनची पिशवी मूत्रपिंडापेक्षा एक मीटर उंच टांगली, तर तिचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पारा इतका भरतो. सलाईन वाहत असताना त्यातला बराच दाब दुर्बिणीतल्या जेमतेम १.२ मिलिमीटर रुंद मार्गातच खर्ची पडतो आणि त्या मार्गात लेझरचा तंतू किंवा खडा पकडण्याची बास्केट घातली, की प्रवाह आणखी मंदावतो. तेव्हा साहाय्यक सिरिंजने हाताने सलाईन ढकलतो आणि दाब क्षणार्धात उसळतो.

म्हणूनच बाहेर पडण्याची वाट अधिक महत्त्वाची ठरते. मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नलिकेत, आधी एक पोकळ नळी बसवून तिच्यातून दुर्बीण न्यावी, ही पद्धत जपानच्या ताकायासू आणि आसो यांनी १९७४ साली मांडली. आज तिला ॲक्सेस शीथ म्हणतात. दुर्बीण आणि शीथ यांच्यामधल्या फटीतून सलाईन परत येते, आणि या दोन्हींची जाडी फ्रेंच या एककात, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शात, मोजतात. साडेनऊ फ्रेंचची दुर्बीण आतून १० फ्रेंच असलेल्या शीथमध्ये घातली तर फट नावापुरतीच उरते. १२ फ्रेंचच्या शीथमध्ये तिचे क्षेत्रफळ सुमारे साडेपाच पट होते. दुर्बिणीची जाडी शीथच्या आतल्या व्यासाच्या पाऊण पटीपेक्षा जास्त नसावी, असा दंडक त्यामुळेच सुचवला जातो.

मग रुंद शीथच का वापरू नये? कारण मूत्रवाहिनी नाजूक असते. मूत्ररोगतज्ज्ञ ऑलिव्हिए त्रॅक्सेर यांच्या २०१३ सालच्या अभ्यासात, आतून १२ आणि बाहेरून १४ फ्रेंचची शीथ घातलेल्या ३५९ रुग्णांपैकी १३.३ टक्के रुग्णांना मूत्रवाहिनीची गंभीर इजा झाली होती. आधी स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवलेल्या रुग्णांत हा धोका बराच कमी होता. नळी रुंद करण्यापेक्षा दुर्बीण बारीक करणे अधिक शहाणपणाचे वाटते, ते यामुळे. साडेसात फ्रेंचची दुर्बीण १० फ्रेंचच्या शीथमध्ये पाऊण पटीचा दंडक नेमका पाळते.

सलाईनच कमी सोडावे, हा उपाय अपुरा आहे, कारण प्रवाह मंद असताना जास्त शक्तीचा लेझर चालवला तर आतले पाणी ऊतींना इजा करण्याइतके तापू शकते. या पेचातून वाट काढण्यासाठी, टोकाशी वळणारी आणि सलाईन भुग्यासह ओढून घेणारी शीथ आता वापरात येत आहे.

पाठीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेतही हाच प्रश्न येतो. गुजरातेतील नडियादच्या महेश देसाई यांच्या चमूने २०११ साली ४.८५ फ्रेंचच्या सुईतून खडा फोडण्याची मायक्रोपर्क पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात छिद्र अगदी लहान असते, पण सलाईन परतण्याची वाटही तितकीच अरुंद असते, त्यामुळे ती छोट्या खड्यांसाठीच योग्य ठरते.

टोकावर दाबमापक असलेल्या दुर्बिणी आता उपलब्ध आहेत आणि त्यांच्यामुळे दाबाचा आकडा शस्त्रक्रिया चालू असतानाच दिसतो. जिथे त्या नाहीत, तिथे पिशवीची उंची बेताची ठेवणे, सिरिंजचा जोर आवरणे आणि शीथच्या तोंडातून सलाईनची धार अखंड येते आहे ना, यावर सतत नजर ठेवणे हे शल्यविशारदाच्या हाती आहे.