ओव्हर देताना

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळचे आठ. नाइटची सिस्टर निघायच्या घाईत, मॉर्निंगची नुकतीच आलेली. दोघी एकेका खाटेपाशी थांबून पेशंटची माहिती देतात, घेतात. आम्ही याला ‘ओव्हर’ म्हणतो. नर्सचं अर्धं शिक्षण तिथेच होतं.

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्डचं रुग्णालय होतं. १९५६ साली तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर वॉर्ड सांभाळत. (आडनावच वॉर्ड, काय करणार!) ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात न्यायच्या. एकदा राउंडच्या वेळी त्यांनी जरा बिचकतच एक बाळ उघडं करून दाखवलं. अंगाचा काविळीचा पिवळेपणा उतरलेला, पण एक त्रिकोण मात्र हळदीसारखा पिवळा. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरनी काही औषध चोपडलंय. त्या म्हणाल्या, तिथे चादरीचं टोक होतं. बाकीच्या अंगाला ऊन लागलं. विषय तिथेच राहिला.

काही आठवड्यांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, कमी भरलं. मग मात्र चादरीचं टोक सगळ्यांना आठवलं! १९५८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. आज आपल्याकडे बाळाला ‘निळ्या लाइटखाली’ ठेवतात ना, त्याचं मूळ हे. त्या लेखाच्या तीन लेखकांत सिस्टर वॉर्ड नाहीत.

आमच्या कक्षात लाइटखालच्या बाळांच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी घसरायची. नाकावर आली की श्वासाचा धोका. एका शिकाऊ मुलीने ओव्हरला हे सांगितलं. आधी तिलाच ऐकून घ्यावं लागलं, ‘नीट बांधत नाहीस.’ खरं तर आम्हा सगळ्यांचीच घसरत होती, पण मेमोच्या, म्हणजे लेखी ताकिदीच्या, भीतीने रजिस्टरमध्ये एकीनेही लिहिलं नव्हतं. इन्चार्जनी मेमो बंद केले, तेव्हा आठवड्यात अकरा नोंदी झाल्या. मग त्याच मुलीने प्लास्टरखाली घालतात त्या स्टॉकिनेटची टोपी शिवली, पट्टी तिच्यात अडकवली. प्रत्येक ओव्हरला ती एकमेकींना बांधून दाखवली, चौथ्या दिवशी गाठ बाजूला घेतली, कारण मागे ती बाळाला टोचत होती.

पुढे एक सिस्टर बदलीवर गेली, तिच्याबरोबर टोपीही गेली. तिकडे टोपीला त्या सिस्टरच्याच नावाने ओळखतात म्हणे.