जेवणानंतरचं जठर

"दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, डॉक्टर. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत तिथंच बसलंय असं वाटतं." ही तक्रार तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. मग दुर्बिणीची तपासणी होते, सोनोग्राफी होते, दोन्ही नॉर्मल येतात. पित्ताच्या गोळ्या मिळतात आणि घरचे म्हणू लागतात, "मनाचं आहे." या दोन शब्दांचा मला मनापासून राग येतो.

दुर्बिणीतून जठराचं अस्तर दिसतं. व्रण, सूज, गाठ कळते. ती तपासणी हवीच. पण ती होते उपाशीपोटी, आणि त्रास सुरू होतो जेवल्यावर. बंद जातं पाहून पीठ कसं पडतं ते कसं कळणार?

१८९५च्या नोव्हेंबरात राँटगेनना क्ष-किरण सापडले. वर्षभरातच हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर कॅननने प्राण्यांवर प्रयोग सुरू केले. बिस्मथ, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारा धातू, मिसळलेलं अन्न मांजरीला द्यायचं आणि क्ष-किरणांखाली जठराच्या आकुंचनाच्या लाटा पाहायच्या. मांजर अस्वस्थ झाली की लाटा थांबत, शांत झाली की पुन्हा सुरू होत. म्हणजे मनाचा जठराशी संबंध आहेच, पण तो जठराच्या हालचालीत दिसतो. त्याला कल्पना म्हणून झटकता येत नाही.

आपल्या जठरात मिनिटाला साधारण तीन लाटा येतात. त्या खालच्या भागात अन्न घुसळतात, तर वरचा भाग घास उतरताच सैल पडून जागा करतो. जागा झाली नाही, तर अर्ध्या पोळीतच पोट भरतं.

अन्न पुढे किती वेगाने सरकतं हे पाहायला टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ जेवणातच मिसळतात. त्याची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते. ठरलेला आहार म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, दोन टोस्ट, जॅम आणि पाणी. आपल्याकडे इडलीच्या पिठात टेक्नेशियम घालूनही ही तपासणी केली गेली आहे. अंडं न खाणाऱ्यांसाठी मला ती फार मोलाची वाटते. जेवण झाल्याबरोबर, मग एक, दोन आणि चार तासांनी गॅमा कॅमेऱ्याने, म्हणजे पोटातून येणारे किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, चित्र घेतात. चार तासांनंतर १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर जठर मंद आहे.

वरचा भाग किती सैलावतो हे या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी टेक्नेशियम शिरेतून देतात. ते जठराच्या अस्तरात जमतं आणि जेवणाआधीचं व नंतरचं आकारमान मोजता येतं. एमआरआयने हेच किरणोत्साराशिवाय जमतं, पण अजून बहुतेक संशोधनापुरतंच.

तरी एक प्रामाणिकपणे सांगतो: अपचनाच्या कित्येक रुग्णांचं जठर वेळेतच रिकामं होतं, आणि त्यांचा त्रासही तितकाच खरा असतो.

तपासणीला येताना सगळ्या गोळ्यांची यादी आणा. जठराचा वेग बदलणारी औषधं डॉक्टरांना विचारून आधी दोन दिवस बंद ठेवावी लागतात. मधुमेह असेल तर सकाळची रक्तातली साखर मोजली जाईल. ती २७५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर त्यानेच जठर मंदावतं, म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. त्या दिवशी परत पाठवलं, तर रागावू नका.