माठातलं पाणी आणि काचेतले मासे

नमस्कार श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली दुपार सांगतो. विक्रोळीला आमचं घर, हॉलची खिडकी पश्चिमेला. अडीचच्या सुमाराला कामावरून लवकर घरी आलो, तर टँकमधले सगळे मासे वर आलेले. पाण्याच्या पातळीला तोंडं लावून नुसती उघडझाप. मुलगी म्हणाली, "बाबा, हे केव्हाचे आऽ आऽ करतायत." काचेला चिकटवलेल्या थर्मामीटरवर ३३ अंश. हात घातला तर पाणी कोमट.

मी काय केलं, तर फ्रीजरमध्ये सरबतासाठी ठेवलेली बर्फाची दोन किलोची पिशवी फोडली आणि अख्खी टँकमध्ये ओतली. मासे खाली गेले. आकडाही झरझर २९ च्या खाली आला. मी स्वतःवर बेहद्द खूश. तिसऱ्या दिवशी मॉली जातीच्या माशांच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसले. सहा मॉली होत्या, तीन उरल्या.

गरमी सोसली होती त्यांनी. अर्ध्या तासात चार-पाच अंश उतरलेलं पाणी नाही सोसलं. अशा झटक्यानं माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी ती संधी सोडत नाही. म्हणून आज बोलायचंय ते टँक थंड करण्याबद्दल, पण सावकाश थंड करण्याबद्दल.

आधी ते मासे वर का आले होते, ते पाहू. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३३ अंशांना तोच जेमतेम सव्वासातवर येतो. म्हणजे पुरवठा घटला. आणि माशाचं अंग बाहेरच्या पाण्याइतकंच तापत असल्यामुळे त्याची गरज वाढते. दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट, असा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळ्यात टँकमधला मासा मरतो तो बहुतेकदा गुदमरून. तेव्हा पाणी थंड करायच्याही आधी ते खळबळतं ठेवा. एअर पंप चोवीस तास चालू. फिल्टरचं तोंड असं वळवा की वरचं पाणी हलत राहील. वीज वाचवायला रात्री पंप बंद करणारे लोक मला माहीत आहेत. टँकमध्ये झाडं असतील तर रात्री तीही प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटेची वेळच सगळ्यात वाईट.

आता थंडाव्याकडे येतो. आपल्या घरात माठ असतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाफ होऊन जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. टँकवर फॅन लावला की नेमकं हेच होतं. लहानसा टेबलफॅन किंवा क्लिपचा पंखा, पाण्यावर तिरका झोत मारणारा. बास. एवढ्याशा वाऱ्यानं काय होणार, असं मलाही वाटायचं. म्हणून हिशेब ऐका: एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढी काढायला एकेक लिटरच्या पाच बर्फाच्या बाटल्या लागतील. आणि वाफ हे काम दिवसभर, हळूहळू करते. माशाला कळतसुद्धा नाही.

झाकण मात्र काढावं लागतं. त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा, नाहीतर सकाळी एखादा गप्पी मासा लादीवर वाळलेला सापडेल. डासांची काळजी नको, अळी पडलीच तर गप्पी ती सोडत नाहीत. महापालिका विहिरींमध्ये गप्पी सोडते ते उगीच नाही. फॅनची वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोहोचणार नाही. आणि पाण्यात हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद.

इथे मुंबईची अडचण येते. माठ नागपूरला जसा गारेगार होतो तसा आपल्याकडे होत नाही, कारण हवा आधीच दमट, पाणी उडायला जागाच कमी. फॅनचंही तसंच. माझ्या टँकला दोन अंश उतरतात, कोरड्या दिवशी तीन. खारे वारे उशिरा सुटतात त्या दिवशी दुपार चटका देते खरी, पण हवा त्यातल्या त्यात कोरडी असते आणि फॅन चांगलं काम करतो. चार-साडेचारला समुद्राकडची झुळूक आली की आपल्याला बरं वाटतं, फॅनचा मात्र जोर ओसरतो.

वाफेनं पाणी रोज थोडं कमी होतं, ते भरावं लागतं. आता गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, नळ सोडला की हात मागे येतो. सकाळचं पाणी बादलीत भरून सावलीत ठेवा, त्यातलं क्लोरीन घालवायला अँटीक्लोरचे थेंब टाका आणि संध्याकाळी पाव बादलीच्या हिशेबानं, लोट्यालोट्यानं घाला.

बर्फ वापरायचाच नाही का? वापरा, पण बाटलीत. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी गोठवा, बूच घट्ट लावा, वर तरंगत सोडा. दोन फुटी टँकमध्ये साधारण पन्नास लिटर पाणी असतं; त्यात अशी एक बाटली पूर्ण वितळली की अंशभर उतार पडतो. तासाभरात एक अंश, त्याहून घाई नको. बर्फ थेट टाकला तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्याच्यासोबत आत जाऊ शकतं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

बाकी गोष्टी किरकोळ, पण करा. दिवा दुपारी बंद, संध्याकाळी चार-पाच तास पुरे. खाणं निम्म्यावर आणा. उरलेलं खाणं गरम पाण्यात लवकर सडतं, प्राणवायू खातं आणि वर अमोनिया सोडतं. खिडकीकडच्या काचेला बाहेरून फ्रीजच्या खोक्यातला थर्माकोल लावा. आम्ही तो लावला तेव्हा बायको म्हणाली, हॉलचं गोदाम केलंत. जूनपर्यंत गोदाम, असा तह झाला. पाणी थंड करणारं चिलर नावाचं यंत्रही मिळतं. समुद्री मासे, प्रवाळ ठेवणाऱ्यांना ते लागतं. आपल्या गप्पी-मॉलींसाठी ती चैन आहे, शिवाय टँकमधून काढलेली उष्णता ते तुमच्याच हॉलमध्ये सोडतं.

एक राग मात्र बोलून दाखवतो. माझ्या वयाच्या कितीतरी मुंबईकरांना हे वेड मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात लागलं, १९५१ साली सुरू झालेल्या. तिथून निघालेलं पोर पुढे रविवारी कुर्ल्याच्या बाजारात जायचं आणि पिशवीतला गोल्डफिश आणून गोल भांड्यात सोडायचं. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, वीस-बावीस अंशांवर खूश असणारा. भांड्याचं तोंड निमुळतं, हवा मिळणार कुठून? आणि पाणी इतकं थोडं की दुपारी तापायला वेळ लागत नाही. मे महिन्यात मुंबईत गोल्डफिश घेऊ नका. फारच हौस असेल तर फायटर मासा घ्या. तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो, आणि उबही त्याला मानवते. तरी त्यालाही दहा-पंधरा लिटरचा टँक द्या, बरणी नको.

अकरा जूनच्या आसपास पाऊस आपल्याकडे येतो. पहिल्या सरीनंतर खोली एका रात्रीत चार अंश उतरते, तेव्हा रात्री फॅन बंद करा. एअर पंप मात्र चालूच. आमच्याकडे त्या दिवशी थर्माकोलही निघतो.