कोंडलं की बिघडलं: अमोनियम नायट्रेट

(दृश्य: काळ्या दगडाची खाण, सुरुंगाचा भोंगा)

कोकणात रस्त्याची खडी असो की धक्क्याचा दगड, कातळ फोडायला सुरुंग लागतो. आज त्या सुरुंगातलं मुख्य रसायन बहुतेक वेळा अमोनियम नायट्रेट असतं. दिसायला साबुदाण्यासारखं पांढरंशुभ्र. 1659 साली जर्मन रसायनज्ञ ग्लाउबरने ते प्रथम तयार केलं.

त्याच्या रेणूतला अमोनियम हा जळणारा भाग, तर नायट्रेट ऑक्सिजन पुरवणारा. सुमारे 170 अंश सेल्सिअसला ते वितळतं. आणखी तापवलं की नायट्रस ऑक्साइड आणि वाफ सुटू लागते. वायूंना वाट मिळाली तर बहुधा तेवढ्यावर भागतं. वाट बंद झाली की उष्णता आणि दाब एकमेकांना वाढवत नेतात.

(दृश्य: गोदामाची दमट भिंत)

किनाऱ्यावरची हवा या दाण्यांना मुळीच मानवत नाही. 30 अंशाला आर्द्रता साधारण 59 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढतात, आणि पावसाळ्यात इथे आर्द्रता त्याहून कितीतरी जास्त असते. त्यात 32 अंशांच्या आसपास स्फटिकांची रचना बदलते, आकारमानही बदलतं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी पारा त्याच्या वर, पहाटे खाली. दाणे फुगतात, आकसतात, चुरा होतो आणि पोत्यात दगडासारखी ढेप बसते.

ही ढेप फोडण्याची घाई जीवघेणी ठरू शकते. 21 सप्टेंबर 1921 रोजी जर्मनीतल्या ओपाऊ इथे अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा घट्ट झालेला साठा सुटा करायला नेहमीप्रमाणे डायनामाइट लावलं. पूर्वी हजारो वेळा ते निभावलं होतं. त्या दिवशी साठाच फुटला, पाचशेहून अधिक माणसं गेली.

16 एप्रिल 1947, अमेरिकेतलं टेक्सास सिटी बंदर. अमोनियम नायट्रेट भरलेल्या ‘ग्राँकाँ’ जहाजाच्या तळात आग लागली. पाण्याने माल खराब होईल म्हणून, आग हवेविना विझावी या आशेने झाकणं लावून आत वाफ सोडली. पण या आगीला बाहेरची हवा लागतच नाही! सुमारे 2,300 टन माल फुटला.

(दृश्य: पोत्यांची थप्पी)

भारतात 2012 च्या नियमांनुसार साठ्याला परवाना लागतो. थप्पी भिंतीपासून सुटी, वर हवा खेळती. डिझेल, गंधक, लाकडाचा भुसा जवळ नको. मिठाचा अंशही नको, कारण क्लोराइडमुळे विघटन लवकर सुरू होतं. सांडलेला माल पुन्हा पोत्यात भरू नये. सुरुवातीची छोटी आग असेल तर दारं-खिडक्या उघडून लांबून भरपूर पाणी मारायचं. आग साठ्यापर्यंत पोचली असेल तर पाण्याच्याही नादी न लागता सगळ्यांनी दूर निघायचं.